रोमन जगात ख्रिस्ती धर्म कसा पसरला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोमन इतिहासाचा विषय निघाला की गाडी फिरून फिरून याच प्रश्नावर येते: क्रूसावर मारल्या गेलेल्या एका गालीली सुताराचं नाव तीनशे वर्षांत रोमच्या बादशहाच्या तोंडी आलं कसं? खालचे प्रश्न मला लोकांनी विचारलेले आहेत. काही अभ्यासातून आलेले, काही सरळ सिनेमा बघून पडलेले. श्रद्धा खरी की खोटी यात मी शिरत नाही. जुनी पत्रं, सरकारी कागद, पडक्या भिंती आणि जप्त झालेली भांडीकुंडी काय सांगतात, तेवढंच पाहू.

सुरुवातीला हे लोक होते तरी किती?

मूठभर. इ.स. ३० च्या सुमारास पंतय पिलात या रोमन सुभेदाराने येशूला यरुशलेमेत क्रूसावर दिलं. ही शिक्षा गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची, त्यामुळे 'आमचा प्रभू क्रूसावर मेला' हे वाक्य त्या काळच्या माणसाला जितकं लाजिरवाणं वाटे, तितकं आज आपल्याला वाटणं शक्य नाही. मागे उरले ते गालीलातले कोळी, एक जकातदार, काही बाया, घरातली माणसं. 'प्रेषितांची कृत्ये' या नव्या करारातल्या पुस्तकात पहिल्या जमावाचा आकडा सुमारे १२० दिला आहे. एखाद्या वाडीच्या जेवणावळीला याहून जास्त पानं मांडली जातात.

हे सगळे ज्यूच होते ना? मग वेगळा धर्म कधी झाला?

ज्यूच होते, आणि कित्येक वर्षं स्वतःला ज्यूच समजत होते. वेगळं होण्याची एक तारीख सांगता येत नाही. भांडण पेटलं ते मात्र एका ठोस मुद्द्यावर: ग्रीक, सीरियन वगैरे परराष्ट्रीय माणूस या मंडळीत येणार असेल तर त्याने सुंता करून घ्यायची का? खाण्यापिण्याचे सगळे निर्बंध पाळायचे का? इ.स. ४९ च्या आसपास यरुशलेमेत वडील मंडळी यावर बसली आणि सुंतेची अट सुटली.

या निर्णयाचं वजन लक्षात घ्या. साम्राज्यातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या शहरात ज्यूंचं सभास्थान (प्रार्थनाघर) होतं आणि त्याच्या कडेकडेने वावरणारे परराष्ट्रीय होते. त्यांना एकच देव पटायचा, शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, आवडायचा, दानधर्म आवडायचा. पण मोठ्या वयात सुंता म्हटली की पाय मागे यायचा. उंबऱ्यावर उभ्या असलेल्या या लोकांना कुणीतरी म्हणालं, या आत. सीरियातल्या अंत्युखियात तर अशी सरमिसळ इतकी झाली की गावाने या लोकांना वेगळं नावच ठेवलं: 'ख्रिस्ती'. नाव बाहेरच्यांनी दिलेलं आहे, आणि बहुधा थट्टेने.

पौल नसता तर हे सगळं झालंच नसतं का?

गावोगाव हिंडून हा धर्म सांगणारा पौल मोठा माणूस होता यात वाद नाही, पण त्याला एकट्याला सगळं श्रेय देणं म्हणजे ट्रंक रोडला श्रेय देऊन पाऊलवाटा विसरणं. त्याने रोमकरांस पत्र लिहिलं तेव्हा तो रोमला गेलेलाही नव्हता. तरी पत्राच्या शेवटी तो तिथल्या वीसहून अधिक लोकांना नाव घेऊन सलाम सांगतो! म्हणजे रोममध्ये मंडळी आधीच जमली होती. ती कुणी सुरू केली? कुठल्यातरी व्यापाऱ्याने, खलाशाने, विकल्या गेलेल्या एखाद्या गुलामाने. त्याचं नाव कुणीच लिहून ठेवलं नाही.

पौलाचं काम कसं चालायचं हे करिंथमध्ये छान दिसतं. हा तार्स गावचा, तंबू शिवणारा कारागीर. करिंथमध्ये त्याला अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपं भेटलं. तेही तंबूवाले, क्लौद्य बादशहाने ज्यूंना रोममधून हाकललं म्हणून इकडे आलेले. पौल त्यांच्याकडेच राहिला आणि त्यांच्याच दुकानात बसून काम करू लागला. बाजारातलं दुकान, हातात आरी, मांडीवर जाड कापड किंवा चामडं, गिऱ्हाईक बसलेलं आणि काम होईपर्यंत गप्पा: माझ्या मते धर्म पसरला तो जास्त करून असा. त्याउलट अथेन्समध्ये त्याने विद्वानांपुढे भाषण केलं तेव्हा काही जण हसले आणि काहींनी 'पुन्हा कधीतरी ऐकू' म्हणून त्याला वाटेला लावलं.

करिंथच्या मुक्कामाचा काळही पक्का सांगता येतो. तिथल्या गल्लियो या सुभेदाराचं नाव डेल्फीच्या एका शिलालेखात सापडलं, त्यावरून इ.स. ५१–५२ हे साल निघतं. हाल म्हणाल तर पौल स्वतःच यादी देतो: एकोणचाळीस फटके पाच वेळा, छड्या तीन वेळा, जहाज फुटलं तीन वेळा.

रोमन रस्ते आणि शांतता यांचा कितपत हात?

बराच. पण रस्ते सगळ्यांनाच होते. त्याच रस्त्यांवरून मिथ्रा या देवाचे सैनिक भक्त गेले, इसिस देवीचे पुजारी गेले. खरा फायदा होता भाषेचा. पूर्वेकडच्या बाजारात चालणारी ग्रीक रोमच्या गल्लीतही चालायची. रोमची मंडळी तर तिसऱ्या शतकापर्यंत मुख्यतः ग्रीकच वापरत होती. दुसरी एक बारीक गोष्ट: त्या काळी ग्रंथ म्हणजे गुंडाळी, पण ख्रिस्ती लोकांनी फार लवकर पानं शिवलेली वही पसंत केली. दोन्ही बाजूंनी लिहिता येतं, झोळीत मावते, हवं ते पान पटकन काढता येतं.

फक्त गरीब आणि गुलामच यात गेले, हे खरं का?

विरोधक असंच म्हणायचे. दुसऱ्या शतकात केल्सस नावाच्या ग्रीक लेखकाने चेष्टा केली आहे: हे लोकर विंचरणारे, चांभार, धोबी, विद्वानांपुढे तोंड उघडत नाहीत, पण घरातल्या पोराबायांना एकीकडे गाठून शिकवतात. त्याची चेष्टा बाजूला ठेवली तर त्याने पाहिलेलं दृश्य महत्त्वाचं आहे. धर्म मागच्या दाराने, स्वयंपाकघरातून घरात शिरत होता.

पण यादी मिश्र आहे. फिलिप्पैची लुदिया जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करायची, आणि जांभळं कापड म्हणजे श्रीमंती माल. कॅलिस्टस एकेकाळी गुलाम होता आणि इ.स. २१७ च्या सुमारास तो रोमचा बिशप झाला. गुलाम आणि मालकीण एकाच पंगतीला बसत, हे तेव्हाच्या रोमन डोळ्यांना खुपणारं होतं. मात्र गुलामगिरी त्यांनी मोडली नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. पौलाने फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात त्याच्या ओनेसिम या गुलामाला 'दासाहून अधिक, प्रिय बंधू' म्हणून स्वीकार असं म्हटलं आहे. 'गुलाम ठेवणंच चूक' असं कुठे म्हटलेलं नाही.

ते जमायचे कुठे? चर्च तर नव्हती ना?

घरांत. पौलाच्या पत्रांत 'अमक्याच्या घरातली मंडळी' असे शब्द वारंवार येतात. असं एक घर प्रत्यक्ष सापडलं आहे, आजच्या सीरियात, फरात नदीकाठी, दुरा-युरोपोस या लष्करी गावात. साधं, मधोमध अंगण असलेलं घर. इ.स. २४० च्या सुमारास त्यातल्या दोन खोल्यांमधली भिंत पाडून लांबट दिवाणखाना केला. दाटीवाटीने साठ-सत्तर माणसं बसतील एवढा. कडेच्या छोट्या खोलीत बाप्तिस्म्यासाठी टाकं बांधलं आणि भिंतीवर चित्रं काढली: खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ, पाण्यावर चालणारा येशू. चित्रकाराचा हात काही मोठा नाही.

हे घर टिकलं ते लढाईमुळे. इराणच्या ससानी फौजा चालून आल्या तेव्हा तटाला बळकटी म्हणून रोमन सैनिकांनी तटालगतची घरं मातीने भरून टाकली. इ.स. २५६ मध्ये गाव पडलं ते पडलंच, आणि चित्रं मातीखाली सोळा-सतरा शतकं झाकून राहिली. गंमत म्हणजे त्याच तटाच्या आसऱ्याला ज्यूंचं सभास्थान होतं आणि मिथ्राचं देऊळही. सगळे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर.

भुयारांत लपून प्रार्थना करायचे म्हणतात ते?

नाही. रोमजवळची कॅटाकोंब ही दफनभूमी आहे. अशा ठिकाणी शेकड्यांनी माणसं लपवता येत नाहीत, आणि अधिकाऱ्यांनाही ती माहीत होती. लोक तिथे जायचे ते आपल्या माणसांच्या थडग्यांपाशी, पुण्यतिथीला, जेवण घेऊन. 'गरिबालाही नीट मूठमाती मिळेल' ही हमी मंडळी द्यायची, आणि ज्याला आपलं प्रेत उकिरड्यावर जाण्याची भीती आहे त्याच्यासाठी ही हमी लहान नव्हती.

शेजाऱ्यांना त्यांचा एवढा राग का होता?

गावजत्रेची वर्गणी न देणारं, पालखी दारात आली तरी बाहेर न येणारं घर डोळ्यांपुढे आणा. रोमन जगात देव म्हणजे सार्वजनिक मामला. पाऊस, पीक, युद्ध, रोगराई, सगळं देवांच्या मर्जीवर. आणि ती मर्जी राखायची तर सगळ्यांनी मिळून बळी, धूप, सण. हे लोक त्यात येत नाहीत, देवांपुढचं मांस खात नाहीत, बादशहाच्या मूर्तीपुढे चिमूटभर धूप टाकत नाहीत. म्हणून त्यांना चक्क 'नास्तिक' म्हणत. वर अफवा होत्याच: रात्री जमतात, एकमेकांना भाऊ-बहीण म्हणून चुंबन देतात, 'मांस आणि रक्त' खातात-पितात. ज्यूही मूर्ती पुजत नसत, पण त्यांचा रिवाज वाडवडिलांपासूनचा म्हणून रोमला चालायचा. यांचा कालपरवाचा.

सिंहांपुढे टाकायचे ते खरं का?

काही वेळा, काही ठिकाणी, हो. पण 'तीनशे वर्षं सतत छळ' हे चित्र चूक आहे.

इ.स. ६४ मध्ये रोम जळलं तेव्हा नीरोने आळ यांच्यावर ढकलला. टॅसिटस हा इतिहासकार, ज्याला ख्रिस्ती लोक अजिबात आवडत नव्हते, तोही सांगतो की त्यांना जनावरांची कातडी पांघरून कुत्र्यांपुढे टाकलं, क्रूसावर दिलं, रात्री उजेडासाठी जाळलं. हे सगळं रोमपुरतं. आणि कोलोसियमचं म्हणाल तर नीरो ६८ मध्ये मेला, कोलोसियम ८० मध्ये उघडलं.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो प्लिनीचा पत्रव्यवहार. इ.स. ११२ च्या आसपास हा काळ्या समुद्राकाठच्या बिथिनिया-पोंतस प्रांताचा सुभेदार होता, आणि कुठल्याही शंकेचं पत्र वर पाठवणाऱ्या कारकुनी स्वभावाचा. तो त्राजान बादशहाला विचारतो: या ख्रिस्ती लोकांचं करू काय? ख्रिस्ती आहेस का म्हणून मी तीनदा विचारतो, कबूल केलं तर मारतो. कारण गुन्हा काहीही असो, हट्टीपणा तर शिक्षेला पात्र आहेच. यांच्यात 'सेविका' म्हणवणाऱ्या दोन दासींचा छळ करून चौकशी केली. हाती काय लागलं? ठरल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून गाणं म्हणतात, चोरी-व्यभिचार न करण्याची शपथ घेतात, मग साधं जेवण जेवतात. बस. पुढे तो लिहितो की ही 'साथ' शहरांतच नाही तर खेड्यापाड्यांत पसरली आहे, देवळं ओस पडत चालली होती आणि बळीच्या मांसाला गिऱ्हाईक मिळत नव्हतं. त्राजानचं उत्तर दोन ओळींत मावेल असं आहे: शोधत फिरू नका, निनावी तक्रारी घेऊ नका, पण कुणी रीतसर आणून उभं केलं आणि त्याने नाकारलं नाही तर शिक्षा करा.

त्या दोन दासींचं पुढे काय झालं ते प्लिनी लिहीत नाही. त्याला ते लिहिण्याजोगं वाटलंच नसणार.

आणि उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजची पर्पेतुआ. इ.स. २०३, वय बावीसच्या आसपास, चांगल्या घरची, अंगावर पिणारं मूल. तिने तुरुंगात लिहिलेलं टिपण आपल्यापर्यंत पोचलं आहे. त्या काळच्या बाईच्या हातचं लेखन मिळणं किती दुर्मीळ! बाप विनवायला येतो. ती जवळचं एक भांडं दाखवते: बाबा, याला याच्या नावाखेरीज दुसऱ्या नावाने हाक मारता येईल का? नाही म्हणतो तो. मग मीही जी आहे तिच्याखेरीज दुसरं काही म्हणवून घेऊ शकत नाही, मी ख्रिस्ती आहे. बाप चिडून अंगावर धावून जातो, मग काही दिवसांनी येऊन तिचे हात धरून रडतो. तिच्याबरोबर फेलिसितास नावाची दासी होती, ती तुरुंगातच बाळंत झाली. दोघी एकाच आखाड्यात मेल्या.

साम्राज्यभर सरकारी मोहीम कधी निघाली?

इ.स. २४९–२५० मध्ये, डेसियस बादशहाच्या काळात. त्याने हुकूम काढला की सगळ्यांनी देवांना बळी द्यायचा आणि तसा दाखला घ्यायचा. दाखला! इजिप्तच्या कोरड्या वाळूत असे चाळीसहून अधिक कागद सापडले आहेत. मजकूर ठरलेला: 'मी कायम देवांना बळी देत आलो आहे, आताही तुमच्यासमोर हुकुमाप्रमाणे अर्घ्य दिलं, बळी दिला, नैवेद्य चाखला, कृपया सही करावी.' यातला एक दाखला चक्क पेतेसुखोस या मगरदेवाच्या पुजारणीचा आहे. देवीदेवतांच्या सेवेत हयात घालवलेल्या बाईलाही आपण देव मानतो याचा कागद करावा लागला. सरकारी खातं ते सरकारी खातं.

ख्रिस्ती लोकांत फूट पडली. काहींनी बळी दिला, काहींनी लाच देऊन नुसता दाखला मिळवला, काही मेले. संकट टळल्यावर 'शरण गेलेल्यांना परत घ्यायचं का' यावर जी भांडणं झाली ती छळाहून जास्त काळ टिकली. शेवटचा मोठा छळ डायोक्लेशियन बादशहाने ३०३ मध्ये सुरू केला: चर्च पाडा, ग्रंथ जाळा. एकूण बळी किती? बहुतेक इतिहासकार हजारांत मोजतात, लाखांत नाही.

मग इतकं मारूनही हे वाढले कसे? खरं कारण काय?

एक कारण शोधू नका. पण मला जे वजनदार वाटतं ते सांगायला मी लोकांना एका जप्तीच्या पंचनाम्याकडे नेतो.

१९ मे ३०३. उत्तर आफ्रिकेतलं किर्ता शहर. नगरप्रमुख मुनातियस फेलिक्स माणसं घेऊन ख्रिस्ती लोकांच्या घरी, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, येतो. बिशप बसलेला आहे, शेजारी वडीलजन आणि थडगी खणणारे. कारकून लिहून घेतो: सोन्याचे प्याले २, चांदीचे ६, साखळ्यांचे पितळी दिवे ११... आणि पुढे, बायकांचे झगे ८२, ओढण्या ३८, पुरुषांचे झगे १६, पुरुषांच्या पादत्राणांचे जोड १३, बायकांचे ४७. जेवणाच्या खोलीत चार पिंपं आणि सहा रांजण. ग्रंथांचं कपाट रिकामं, कारण वाचकांनी ग्रंथ घरी नेऊन ठेवले होते. मग घरोघर फिरून तेही गोळा केले. एका घरी नवरा नव्हता, बायकोने सहा ग्रंथ आणून दिले.

एवढे झगे आणि चपला कुणाच्या? वाटायला ठेवलेल्या. बायकांच्या चपला पुरुषांच्या साडेतीनपट. विधवा, अनाथ, टाकलेल्या बाया यांची सोय ही या मंडळीची रोजची कामं होती. रोमच्या कॉर्नेलियस बिशपचं २५१ चं एक पत्र आहे, त्यात हिशेबच दिला आहे: वडीलजन ४६, डीकन ७, त्यांचे मदतनीस ७, मंदिरसेवक ४२, भुतं काढणारे, वाचक आणि द्वारपाल मिळून ५२, आणि मंडळीच्या अन्नावर जगणाऱ्या विधवा व गरजू १,५०० हून अधिक. दीड हजार माणसं रोज जेवताहेत, आणि ते शहराला दिसत नसेल?

याच्या जोडीला साथी आल्या. २५० नंतरच्या वर्षांत भयंकर साथ होती. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशियस लिहितो की आमची माणसं आजाऱ्यांची सेवा करता करता मेली, आणि इतर लोक आपल्याच माणसांना अर्धमेलं रस्त्यावर टाकून पळाले. हा स्वतःच्या बाजूने लिहितोय, तेव्हा थोडं जपूनच वाचावं. पण औषध नसलेल्या रोगात वेळेवर पाणी आणि दोन घास देणारं कुणी असलं तर माणसं वाचतात, आणि वाचलेला माणूस कुणी पाणी दिलं ते विसरत नाही.

मुलींचंही तसंच. इ.स.पू. १ मधलं इजिप्तचं एक पत्र आहे. अलेक्झांड्रियात कामाला गेलेला हिलारियोन घरी गरोदर अलीसला लिहितो: काळजी करू नकोस, पगार मिळाला की पाठवतो, बाळ झालं आणि मुलगा असला तर राहू दे, मुलगी असली तर टाकून दे. आणि पुढे प्रेमाने: मला विसरू नकोस म्हणतेस, तुला कसा विसरेन? क्रूर माणूस नाही हा, चारचौघांसारखा आहे. ख्रिस्ती मंडळीत (आणि ज्यूंतही) मूल टाकणं पाप होतं. ज्या घरात मुली जगतात त्या घरांचा गोतावळा वाढतो.

आकडे काय सांगतात?

खात्रीचे आकडे नाहीत, अंदाज आहेत. एक प्रसिद्ध अंदाज असा: इ.स. ४० ला १,००० माणसं धरा, दर दहा वर्षांनी ४० टक्के वाढ धरा, तर इ.स. ३०० ला सुमारे ६० लाख होतात. तेव्हाच्या अंदाजे ६ कोटी प्रजेच्या दहा टक्के. ४० टक्के ऐकायला मोठं वाटतं, पण वर्षाला ते जेमतेम साडेतीन टक्के. शंभर जणांच्या मंडळीत वर्षाला तीन-चार नवे चेहरे. एखादी सून, एखादा शेजारी, एखादं जगलेलं बाळ. एवढ्यावर भागतं.

आत येणंही सोपं नव्हतं. जुन्या एका नियमावलीत बाप्तिस्म्याआधी तीन वर्षांची शिकवणी सांगितली आहे, आणि ग्लॅडिएटर, मूर्ती घडवणारे वगैरेंनी धंदा सोडावा किंवा परत जावं असं बजावलं आहे.

कॉन्स्टंटाइनने सगळ्यांना ख्रिस्ती केलं ना?

नाही. ३१२ च्या ऑक्टोबरात रोमजवळच्या मिल्व्हियन पुलाच्या लढाईत हा बादशहा जिंकला आणि विजयाचं श्रेय ख्रिस्ताला दिलं. ३१३ मध्ये त्याने आणि पूर्वेकडच्या लिसिनियस बादशहाने मिळून सगळ्यांना आपापला धर्म पाळायची मुभा दिली, ख्रिस्ती लोकांची जप्त मालमत्ता परत केली. साम्राज्याचा अधिकृत धर्म वगैरे काही झाला नाही. फरक पडला तो पैशाचा आणि मानाचा: पुरोहितांना करमाफी, मोठमोठी चर्च, दरबारात बिशप.

राजकारण की श्रद्धा? दोन्ही, असं मला वाटतं. त्याच्या नाण्यांवर सूर्यदेव पुढे कित्येक वर्षं राहिला. ३२६ मध्ये त्याने स्वतःच्या मुलाला, क्रिस्पसला, मारवलं. बाप्तिस्मा घेतला तो ३३७ मध्ये मरणाच्या दारात. ३२१ मध्ये त्याने 'सूर्याच्या वारी' न्यायालयं आणि शहरी कामं बंद ठेवायचा कायदा केला, शेतकऱ्यांना मात्र सूट दिली. (आपल्याकडे गिरणी कामगारांना रविवार मिळाला तो १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. वार तोच, वाट वेगळी.) आणि ज्या किर्तातून चपला जप्त झाल्या ते शहर पुढे त्याच्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं; आजच्या अल्जीरियात ते कॉन्स्टंटाइन म्हणूनच आहे.

निकियाच्या परिषदेत बायबल ठरवलं, हे बरोबर?

चूक. ३२५ मध्ये सुमारे ३०० बिशप जमले ते पुत्र पित्यासमान आहे की त्याहून कमी, या वादासाठी, आणि वल्हांडणानंतरच्या सणाची, म्हणजे ईस्टरची, तारीख ठरवण्यासाठी. नव्या कराराची आजची २७ पुस्तकांची यादी नेमकी दिसते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेसियस याच्या ३६७ च्या पत्रात.

आणि २५ डिसेंबर? तो सूर्याचा सण चोरला म्हणतात.

रोममध्ये ही तारीख ३५४ सालच्या एका पंचांगवजा संग्रहात दिसते, आणि त्यातली यादी ३३६ ची आहे. सूर्यपूजा जोरात होती हे खरं, पण कुणाचं आधी आणि कुणी कुणाचं घेतलं यावर अभ्यासक अजून भांडतात.

जुन्या देवांच्या बाजूने कुणी उभं राहिलं नाही?

राहिले. ज्युलियन बादशहाने (३६१–३६३) जुने देव परत आणायचा प्रयत्न केला. गलातियाच्या मुख्य पुजाऱ्याला तो वैतागून लिहितो: हे गालीली (म्हणजे ख्रिस्ती) आपल्या गरिबांना तर पोसतातच, वर आमच्याही गरिबांना पोसतात, आणि आमच्याकडून आमच्यांना काही मिळत नाही, ही लाजेची गोष्ट आहे; धर्मशाळा काढा, मी धान्य आणि दारू पाठवतो. शत्रूने दिलेला हा दाखला मला बिशपांच्या दहा प्रवचनांहून मोलाचा वाटतो.

मग वारं फिरलं. ३८० मध्ये थिओडोसियस बादशहाने एकाच पद्धतीचा ख्रिस्ती धर्म प्रजेने पाळावा असा हुकूम काढला, ३९१–३९२ मध्ये बळी आणि देवळं यांवर बंदी आली. अलेक्झांड्रियात सेरापिसचं भव्य देऊळ जमावाने पाडलं. ४१५ मध्ये तिथेच हिपेशिया या गणितज्ञ बाईला जमावाने ठार केलं. ज्यांचे ग्रंथ शंभर वर्षांपूर्वी जळत होते त्यांच्या हातात आता काठी होती. हे टाळून ही गोष्ट सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

३८४ मध्ये सिमाकस या रोमच्या नगरप्रमुखाने सिनेटच्या सभागृहातली विजयदेवीची वेदी परत ठेवा म्हणून अर्ज केला. त्यात तो म्हणतो: इतक्या मोठ्या गूढाकडे एकाच वाटेने पोचता येत नाही. मिलानच्या अँब्रोज बिशपने जोरदार विरोध केला आणि अर्ज फेटाळला गेला.

खेड्यांतले देव मात्र हुकुमाने हलले नाहीत. लॅटिनमध्ये मूर्तिपूजकाला जो शब्द रूढ झाला, 'पागानुस', त्याचा जुना अर्थ 'गावठी माणूस'. नाईल नदीतल्या फिली बेटावर ३९४ मध्येही एक पुजारी चित्रलिपीत लेख कोरत होता. चित्रलिपीतला आपल्याला माहीत असलेला तो शेवटचा.

साम्राज्याबाहेर? आपल्याकडे कधी आला?

आर्मेनियाचा राजा चौथ्या शतकाच्या सुरुवातीला ख्रिस्ती झाला, इथिओपियातल्या अक्सुमचा एझाना त्याच शतकात. केरळातले ख्रिस्ती आपली परंपरा प्रेषित थोमापासून, इ.स. ५२ पासून सांगतात. परंपरा म्हणून ती जुनी आणि जिवंत आहे. त्या शतकातला लेखी पुरावा मात्र नाही. मिरीचा व्यापार रोमशी जोरात होता, तेव्हा माणूस येणं अशक्य नव्हतं.

मराठी वाचकाने कान टवकारावेत अशी एक नोंद आहे. सहाव्या शतकाच्या मध्याला कॉस्मस नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी लिहितो की मिरी पिकते त्या मलेत (म्हणजे मलबारात) ख्रिस्ती आहेत आणि 'कल्लियाना' इथे इराणमधून नेमलेला बिशप आहे. बरेच अभ्यासक हे आपलं कल्याण मानतात. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणारे कल्याणचे व्यापारी ज्या बंदरावरून माल हलवत, तेच. वसई-गोव्याची पोर्तुगीज चर्च याच्या हजार वर्षं नंतरची.

हे सगळं वाचल्यावर एखादी गोष्ट बघायची असेल तर कुठली बघू?

दुराच्या घरातली चित्रं अमेरिकेत येल विद्यापीठात आहेत. योहानाच्या शुभवर्तमानाचा तळहाताएवढा जुना तुकडा मँचेस्टरमध्ये आहे.

पण मला विचाराल तर रोमला पॅलाटिन टेकडीवरच्या संग्रहालयात जा आणि गिलाव्याचा एक ओरखडलेला तुकडा शोधा. इ.स. २०० च्या आगेमागे, बादशाही वाड्यातल्या नोकरपोरांच्या खोलीत कुणीतरी टोचणीने भिंतीवर चित्र काढलं: क्रूसावर टांगलेला माणूस, त्याला डोकं गाढवाचं, खाली हात उंचावलेला एक पोरगा. शेजारी मोडक्यातोडक्या ग्रीकमध्ये: 'अलेक्सामेनोस आपल्या देवाला पुजतो.' वर्गात चिडवायला काढतात तसलं.

शेजारच्या खोलीत वेगळ्या हाताने लॅटिनमध्ये दोनच शब्द खरडलेले सापडले: 'अलेक्सामेनोस विश्वासू.'